पेचाची अडकण

"थांबा! अरे थांबा म्हन्तो ना! दांडा कोनी सोडू नका, छातीशी धरून ठेवा!"

पुंजाराम चौथऱ्याच्या पायऱ्या दोन-दोन करून चढला. वर सोळा माणसं आठ लांब दांड्यांना भिडलेली होती. एकेकाच्या मानेच्या शिरा टरारल्या होत्या. पुंजारामानं हातातली पहार दातेरी चाकाच्या दोन दातांमध्ये खुपसली, अंगाचा सगळा भार तिच्यावर टाकला आणि मग तो म्हणाला, "आता एकेक जन मांगं सरका. वाकून सरका. डोकं वर काढू नका."

माणसं कुरकुरत मागं झाली.

"काय झालं काय, मुकादम?" नत्थुजीनं घाम पुसत विचारलं. तो सगळ्या मजुरांत वयानं मोठा आणि तोंडानं मोकळा. "तीनच फेरे राह्यले होते. गासडी होऊनच राह्यली होती."

"अडकन सरकली. आवाज आयकला नाई का तुमी?"

"आमाले तं रोजच्यासारखाच आला."

"रोज कट् येते. आता खर्र आला."

सगळे हसले. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "थांबबुवा!" आणि पुन्हा हशा पिकला. हे नाव पुंजारामाला वर्षभरापूर्वीच पडलं होतं. न हसणारा एकटा देवीदास माळी होता. तो चाकाशी वाकून लोखंडाच्या त्या तुकड्याकडे निरखून पाहत होता.

अमरावतीच्या बाहेर, बडनेऱ्याच्या वाटेवर, रुई दाबून गासड्या बांधण्याचा हा कारखाना उभा राहिल्याला तीन वर्षं झाली होती. गावातले लोक त्याला नुसतं 'पेच' म्हणत. सागवानी खांबांची दुमजली उंचीची चौकट, तिच्या मधोमध माणसाच्या मांडीएवढं जाड लोखंडी मळसूत्र, खाली खड्ड्यात लाकडी पेटी. पेटीत रुई ओतायची, दोघांनी आत उतरून ती पायांनी तुडवायची, आणि मग वर चौथऱ्यावर सोळा जणांनी दांडे ढकलत गोल फिरायचं. मळसूत्र उतरत जाई आणि खोलीभर रुई बैलाच्या पाठीएवढ्या गासडीत मावे. पण दाबलेली रुई ही दाबलेल्या रागासारखी. ती मळसूत्राला उलटं वर लोटू पाही. तसं होऊ नये म्हणून चाकाच्या दातांत पडणारी एक लोखंडी अडकण होती. ती निसटली, की मळसूत्र गरकन उलटं फिरणार आणि आठही दांडे समोर येईल त्याला झोडपत जाणार, हे सांगायला कोणी इंजिनेर लागत नव्हता.

पुंजाराम जातीचा सुतार. वलगावला गाडे आणि तिफणी करायचा. पेचाची चौकट त्याच्याच हातची, म्हणून चौकट उभी राहिल्यावर त्यालाच मुकादम करून ठेवलं. तेव्हापासून त्याची झोप उडाली होती. लाकूड कुठं चिरतं, खुंटी कुठं सैल होते, हे त्याला दिसायचं आणि दुसऱ्या कोणाला दिसायचं नाही.

पेच थांबल्याचं कळताच कारभारी महादेवराव कचेरीतून बाहेर आले. मुंबईच्या शेठनं नेमलेले, मूळचे नाशकाकडचे. स्वच्छ उपरणं, कानावर बोरू.

"पुंजाराम, आता काय झालं?"

"अडकनीचं नाक झिजलं जी. चाकाचे दोन दातबी तुटले. मी दिवाळीपासून सांगून राह्यलो."

"आणि मीही तुला दिवाळीपासून सांगतो आहे की नवं चाक मुंबईहून निघालं आहे."

"निघालं तं गेलं कुठं? नाई आलं तं नाई. तीन रोज पेच बंद ठेवा. गफूर लोहार अडकनीले नवं नाक लावून देते. मी बोललो त्याच्यासंग."

"तीन दिवस!" महादेवरावांनी फाटकाकडे हात केला. फाटकापासून पार नाल्यापर्यंत रुईच्या गाड्या उभ्या होत्या. बैल सोडलेले, गाडीवान सावलीत झोपलेले. "ही रांग बघितलीस? अमेरिकेत लढाई आहे तोवर विलायतवाले आपल्या दारात आहेत. उद्या लढाई मिटली, तर ही रुई कोण विचारतो? शेठचं दर आठवड्याला पत्र येतं. त्यात तुझ्या अडकणीचं नाव नसतं."

"अन् मानूस गेला तं?"

"तीन वर्षांत गेला का कोणी?"

गेला नव्हता, हे खरंच होतं. का गेला नव्हता, हे सांगायला पुंजारामाला नेमके शब्द सापडत नसत. न घडलेली गोष्ट माणसाला दाखवायची कशी?

आणि मजूर तरी त्याच्या बाजूचे कुठं होते? त्यांना रोजी गासडीवर मिळे. पेच थांबला की त्यांचं तोंड वाकडं. चिलीम कुंपणाबाहेर ओढा म्हटलं, की ते रुईच्या ढिगामागं जाऊन ओढत. पागोट्याचा शेव खोचून घ्या म्हटलं, की "नवरदेव हावो का आमी?" असं विचारत. पेटीत रुई तुडवणाऱ्यांनी नाकातोंडाला फडकं बांधावं आणि दर तीन गासड्यांनी माणूस बदलावा, असा त्यानं नेम घालून दिला होता. तो दिसला की फडकं वर जाई, तो वळला की खाली येई. आतल्यांचा खोकला मात्र पावसाळ्यापर्यंत जात नसे.

घरीही तेच. "सगयाईची कायजी तुमीच काहून करता?" त्याची बायको मैनाबाई भाकर वाढता वाढता म्हणायची. "त्याईले जिवाचं भेव नाई, तं तुमाले काहून?"

"मले ठावं हाय मनून," तो म्हणायचा आणि ताटावरून अर्ध्यावरच उठायचा.

खरं कारण वेगळं होतं आणि ते त्यानं मैनाबाईलाही सांगितलं नव्हतं. आदल्या हंगामात किसन नावाच्या मजुराची दोन बोटं गासडीच्या लोखंडी पट्टीखाली तुटली होती. कचेरीतून कारकून आला, त्यानं कागद लिहिला, आणि पुंजारामाला सांगितलं, निशाणी कर. अक्षरओळख नसलेले लोक तेव्हा आपापल्या धंद्याची निशाणी काढत. कुणबी नांगर काढी, सुतार पटाशी. पुंजारामानं मान खाली घालून पटाशी काढून दिली. कागदात काय आहे, हे त्यानं विचारलंसुद्धा नाही. पुढे महिन्यानं कळलं, की किसननं दारूच्या नशेत हात घातला, असं त्यात होतं. किसन त्या दिवशी तापातून उठून उपाशीपोटी आला होता. मग एकदा रविवारच्या बाजारात किसन समोरून आला आणि पुंजारामाला पाहून त्यानं रस्ता बदलला. तेवढंच झालं होतं. पण पुंजारामाला अजून बाजारात जायचं म्हटलं की जीव नको होई.

पेच बंद ठेवू देत नाहीत, तर पुंजारामानं आपल्या परीनं तोड काढली. बाभळीचा एक जाड ओंडका त्यानं तासून घेतला आणि चौथऱ्यावर खुंटा ठोकून असा बसवला, की गासडी शेवटच्या फेऱ्यांवर आली की दोघांनी तो दांड्यामागं सरकवायचा. अडकण निसटली तरी दांडा ओंडक्यावर येऊन थडकणार. काम सावकाश व्हायला लागलं. दिवसाला वीस गासड्या होत, त्या सोळावर आल्या. महादेवराव चरफडले, पण नवं चाक येईस्तोवर म्हणून त्यांनी डोळेझाक केली. मजूर चरफडले आणि त्यांनी डोळेझाक केली नाही.

"मुकादम, ह्या लाकडानं आमच्या पोटावर पाय देल्ला," नत्थुजी म्हणाला.

ओंडका न चुकता सरकवणारा एकच माणूस होता, देवीदास. माळ्याचा पोरगा, पंचविशीचा, नदीकाठच्या मळ्यात बापाबरोबर वांगी-मेथी करणारा. कापसाला सोन्याचा भाव आल्यापासून शहरात मजुरी चढली होती, म्हणून तो यंदाच पेचावर आला होता. त्याच्या घराण्यानं महानुभाव पंथाचा उपदेश घेतलेला. दारू-गांजा तर सोडाच, तंबाखूचं पानही तो हातात धरत नसे. कोणाशी फार बोलत नसे. पण एकदा त्यानं पुंजारामाला विचारलं होतं, "काका, ह्या चाकाचे दात मोजले मी. चाळीसातले दोन नाईत. मंग एका फेऱ्यात दोनदा आपन भगवंताच्या भरोशावर, नाई का?"

पुंजारामाला एकदम रडूच यायचं बाकी राहिलं. तीन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी दात मोजले होते.

होळी झाली आणि महादेवरावांनी त्याला बोलावलं. चेहरा हसरा होता. "घे, आता तरी समाधान होईल तुझं. अकोल्याच्या वखारीत आपल्या नावाची पेटी आली आहे. मुंबईहून. जड आहे, लोखंडी सामान आहे, असं लिहिलंय. तूच जा आणि घेऊन ये."

आगगाडीचे रूळ अजून अमरावतीला यायचे होते. मुंबईचा माल शेवटच्या स्टेशनावर उतरून बैलगाडीनं अकोल्याला येई आणि वखारीत पडून राही. पुंजारामानं त्याच दुपारी बैलगाडी जुंपली. निघताना त्यानं देवीदासाला बाजूला घेतलं.

"मी येईस्तोर ओंडक्याचा टेकू काढू देऊ नोको."

"नाई काढू देत, काका."

जाताना बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव असे मुक्काम करत तो तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अकोल्याला पोचला. वाटेनं उन्हाची काहिली होती आणि रुईच्या गाड्यांनी उडवलेल्या काळ्या धुळीनं समोरचं दिसत नव्हतं. तरी तो गुणगुणत होता. चाक कसं चढवायचं, आधी कोणता खिळा काढायचा, मळसूत्राला आधार कुठून द्यायचा, हे त्यानं मनात दहादा करून पाहिलं.

वखारीतल्या माणसानं दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी दाखवली. पुंजारामानं पहारीनं फळ्या उचकटल्या. वर गवताचा थर होता. तो त्यानं हातानं बाजूला केला. आत काच चमकली.

घड्याळ होतं. भिंतीवरचं, शिसवी चौकटीचं, खाली पितळी लंबक. आणि त्याच्या तळाशी लोखंडी वजनं.

"दुसरी पेटी असन," तो म्हणाला.

"दुसरी नाई. एकच आली."

"चाक असन पाहा. दातेरी चाक. येवढं." त्यानं दोन्ही हात पसरले.

वखारवाल्यानं चिठी वाचून दाखवली. मजूर वेळेवर येत नाहीत अशी कारभाऱ्याची तक्रार होती, म्हणून शेठनं खास विलायती घड्याळ पाठवलं होतं. चाकाचा त्यात उल्लेख नव्हता.

पुंजाराम मोर्णा नदीच्या पात्रात उतरला, त्यानं डबक्यातलं पाणी तोंडावर मारलं आणि तो वाळूत बसला. त्याला आधी वाटलं, पेटी इथंच टाकून जावी. मग वाटलं, नदीत टाकावी. शेवटी त्यानं ती गाडीत चढवली आणि काच फुटू नये म्हणून खाली स्वतःचं घोंगडं घातलं. हे का केलं, याचाच त्याला वाटेभर राग येत राहिला.

सातव्या दिवशी दुपारी तो पेचाच्या फाटकाशी पोचला. नत्थुजी फाटकातच बसला होता. पेच चालू होता, वरून माणसांचा हुंकार ऐकू येत होता, आणि नत्थुजी खाली बसलेला.

"देवीदास गेला," तो म्हणाला.

"कुठं गेला?"

नत्थुजीनं वर चौथऱ्याकडे बोट केलं. मग पुंजारामाला कळलं.

चार दिवसांपूर्वी झालं होतं. महादेवरावांनी सकाळी येऊन सांगितलं, की मुकादम आता नवं चाक घेऊनच येतोय, तेव्हा टेकू काढा, मागं पडलेलं काम उरका. देवीदास म्हणाला, काका येऊ द्या. बाकीचे त्याच्या अंगावर ओरडले. ओंडका नत्थुजीनंच उचलून बाजूला ठेवला. दुपारपर्यंत काहीच झालं नाही. बाराव्या गासडीला शेवटच्या फेऱ्यात खर्र असा आवाज आला, आणि कोणीतरी भिऊन दांडा सोडला, तसे सगळ्यांनीच सोडले आणि उड्या टाकल्या. देवीदासानं सोडला नाही. चाकाशी तेल सोडायला दोघं वाकलेले होते, त्यांच्या डोक्याला लागेल म्हणून असेल, किंवा त्याला सुचलं नसेल. दांडा त्याच्या बरगड्यांत बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. मातीही होऊन गेली होती.

"मले वाटलं, एक दिसानं काय होते," नत्थुजी म्हणाला. "एकच दीस, पुंजाराम."

पुंजारामानं गाडीतली पेटी उतरवून घ्यायला सांगितलं आणि तो चौथऱ्यावर चढला. ओंडका परत खुंट्याशी लावलेला होता. चार दिवस उशिरा.

दुसऱ्या दिवशी कचेरीतला कारकून पुंजारामाला बोलवायला आला. महादेवरावांच्या बैठकीत घड्याळ भिंतीवर लागलं होतं आणि त्याच्या टकटकीत सगळे जण उगाच हळू बोलत होते. कागद तयार होता. खाली नत्थुजीचा नांगर उमटलेला होता. शाई वाळली होती.

"इथं निशाणी कर," कारकून म्हणाला.

"वाचून दाखवा जी."

कारकुनानं महादेवरावांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. कारकून भराभर वाचू लागला, "मयत देवीदास वल्द खुशालराव, जात माळी, याणे गांजाचे अमलात असता दांडा हातचा सोडिला, सबब आपले करणीने जखमी होऊन मृत्यू पावला. पेचाचे यंत्र सर्व प्रकारे दुरुस्त होते."

"गांजा?" पुंजाराम म्हणाला. "त्यानं? तो महानुभाव होता जी. तमाखूले शिवत नोता. अन् दांडा सोडला त्याईनं, जे जित्ते हायेत. त्यानंच धरून ठेवला."

"तू तिथं नव्हतास," महादेवराव म्हणाले.

"मी नोतो. मंग माई निशानी कायले पायजे?"

"मुकादम आहेस म्हणून. बाकीचं सोड. यंत्र दुरुस्त होतं, एवढ्यापुरतीच तुझी साक्ष."

"यंत्र दुरुस्त नोतं."

पुंजाराम कारकुनाकडे वळला. "लिवा जी. हेच लिवा. अडकनीचं नाक दिवाळीपासून झिजलं होतं, चाकाचे दोन दात तुटले होते, अन् मुकादमानं कारभाऱ्याले सांगतलं होतं. मंग हे घ्या, दोन पटाश्या काढतो. गेल्या सालची, किसनच्या कागदावरची, एक वापस द्या."

कारकुनानं बोरू दौतीत बुडवला, वर धरला, महादेवरावांचा चेहरा पाहिला आणि बोरू फडक्याला पुसून ठेवला.

महादेवराव उठून खिडकीशी गेले. त्यांचा आवाज उतरला होता. "पुंजाराम, तुला वाटतं मला झोप लागते? मुंबईला मला उत्तर द्यावं लागतं. यंत्र बिघडलेलं होतं असं लिहून गेलं, तर उद्या तू नाहीस, मी तुरुंगात जाईन. गेलेला माणूस गेला. त्याचं नुकसान आता व्हायचं काय राहिलंय?"

"त्याचं नाव राह्यलं जी."

"मग तू घरी जा," महादेवराव खिडकीतूनच म्हणाले. "उद्यापासून येऊ नकोस."

पुंजाराम बाहेर पडला, पण फाटकाकडे गेला नाही. तो चौथऱ्यावर चढला. नुकतीच एक गासडी निघून पेटी रिकामी झाली होती, मळसूत्रावर दाब नव्हता. त्यानं कमरेची हातोडी काढली, दोन घावांत खीळ उडवली आणि अडकण उपसून खांद्यावर घेतली. चांगलं पंधरा शेराचं वजन होतं ते. पण तो ताठ चालत खाली आला.

"अरे, हे काय! चोरी आहे ही!" महादेवराव बाहेर धावत आले. "पकडा त्याला!"

सोळांपैकी कोणी पाय उचलला नाही.

"गफूरकडे नेतो," पुंजाराम म्हणाला. "तीन रोजानं आनून लावतो. फौजदाराले खुशाल सांगा, मी लोहाराच्या भात्यापाशी बसून असन."

गफूर लोहारानं अडकण उजेडात धरली आणि जीभ टाळ्याला लावून च् च् केलं. "पुंजाराम भाई, ये तो कब की मर चुकी थी. इसपे आदमी लगाते थे तुम लोग?"

पुंजारामानं भाता ओढायला घेतला. तीन दिवस तो भात्यावर बसला. गफूरनं पोलादाचा तुकडा तापवून जुन्या लोखंडाला जोडला आणि नाक असं रुंद ठेवलं, की चाकाचे दोन दात एकदम धरेल. एक तुटका आला तरी शेजारचा हाती लागेल. फौजदार आला नाही. पेच बंद पडला होता, फाटकाबाहेर गाडीवान आरडाओरड करत होते, आणि महादेवरावांना चोर पकडण्यापेक्षा चोरीचा माल परत हवा होता.

चौथ्या दिवशी सकाळी पुंजारामानं अडकण बसवली. खीळ ठोकली, तेल सोडलं. मग पेटी भरून घेतली आणि सोळा जणांना दांड्यांना लावलं. ओंडका त्यानं स्वतःच्या हातानं बाजूला केला. गासडी शेवटच्या फेऱ्यावर आली, दांडे कुरकुरायला लागले, तेव्हा तो दांड्यांच्या फेऱ्यात आत शिरला आणि देवीदास उभा असायचा त्या जागी, दांड्याला छाती भिडवून उभा राहिला.

"सोडा," तो म्हणाला.

कोणी सोडेना. नत्थुजीनं दांडा आणखी घट्ट धरला. "पुंजाराम, बाहेर हो. मी पाया पडतो तुया."

"आजवर थांबा म्हनलं, तं कोनी थांबलं नाई. आता सोडा म्हन्तो, तं सोडून नाई राह्यले. सोडा!"

सोळाही जण मागं झाले. दांडे बोटभर मागं आले, अडकण दातांवर आवळून बसली आणि लोखंड एकदा करकरलं. मग सगळं स्थिर झालं. पुंजारामानं दहापर्यंत मोजलं, दांड्याखालून वाकून बाहेर आला, आणि कोणाकडे न बघता पायऱ्या उतरून फाटकाबाहेर पडला. महादेवराव कचेरीच्या दारात उभे होते.

कागद मात्र फौजदाराकडे गेला. पुंजारामाच्या निशाणीच्या जागी दुसऱ्या कोणाची तरी निशाणी घेऊन गेला, आणि आठ दिवसांत बाजारात सगळ्यांना ठाऊक झालं, की माळ्याचा पोरगा गांजा ओढून मेला.

पुंजाराम नदीकाठच्या मळ्यात गेला तो चैत्रातल्या एका दिवशी, ऊन उतरल्यावर. इतके दिवस त्याचं पाऊल उचललं नव्हतं. मळा लहानसाच होता. विहिरीवर मोट, पुढं वांग्या-मेथीचे वाफे. देवीदासाची बायको कौशल्या वाफ्यांत फावडं घेऊन उभी होती. देवीदासाचा बाप खुशालराव मोटेवर होता. म्हातारा मोटेच्या नाड्यावर, त्या जाड दोरावर, बसून बैलांबरोबर उतारावरून खाली जाई, आणि परत वर येताना दर फेऱ्याला त्याचा दम तुटे.

"मी पेचावरचा मुकादम," पुंजाराम म्हणाला.

"ठावं हाय मले," कौशल्या म्हणाली. "ते नाव काहाडत तुमचं."

"मी निशानी देल्ली नाई. सांगतलं त्याईले, तो गांजा पीत नोता मनून. कारकुनाच्या तोंडावर सांगतलं. नवं नाकबी बसवलं अडकनीले."

"मंग कागदात काय लिवलं?"

पुंजारामानं खाली पाहिलं. "जे लिवलं होतं, तेच."

"काल मेथी घेऊन बाजारात बसली होती मी," कौशल्या म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "एक बाई म्हने, हे गांजेट्याच्या घरची हाय. अन् दुसरीकडून घेतली तिनं. तुमी सांगून काय झालं, भाऊ?"

"काई नाई झालं," पुंजाराम म्हणाला.

तिनं मान हलवली. तो खोटं बोलला नाही, एवढं जणू तिनं नोंदवून घेतलं. मग ती फावड्यावर वाकली, कारण पाटातलं पाणी थांबलं होतं.

खुशालराव उताराच्या तळाशी दमून बसला होता. बैल उभे होते, मोट विहिरीच्या तोंडाशी अर्धवट लोंबकळत होती आणि तिच्यातून पाणी गळून परत विहिरीत जात होतं. पुंजाराम उतरून गेला. म्हाताऱ्यानं त्याच्याकडे पाहिलं, कोण कुठला विचारलं नाही, नुसता कासरा त्याच्या हातात दिला आणि बाजूच्या लिंबाखाली जाऊन टेकला.

पुंजारामानं मोटेची चाकं किती बनवली होती त्याची मोजदाद नव्हती. मोट हाकली मात्र कधी नव्हती. पहिल्या फेऱ्याला बैल वाकडे गेले. दुसऱ्याला मोट हिंदकळून अर्धं पाणी सांडलं. "नाड्यावर बसा," वाफ्यांतून कौशल्या ओरडली, "उभं राहू नोका, बसा त्याच्यावर!" तो बसला. मोट भरून वर आली, पाणी थारोळ्यात कोसळलं आणि पाटातून पुढं धावलं. कौशल्यानं एक वाफा भरल्यावर मातीनं त्याचं तोंड बुजवलं आणि शेजारच्याचं फोडलं. मेथीचे सात वाफे अजून कोरडे होते. पुंजारामानं बैल वर आणले, पाठीमागं वळवले, आणि पुन्हा नाड्यावर बसून उताराला लागला.